जहाज घ्यावं, पण त्याच्या कवचासकट

खानदेशाला समुद्र नाही. तरीही समुद्रातून परक्या किनाऱ्यावर फौज उतरवण्याच्या युद्धतंत्रात जी उलथापालथ झाली आहे, तिच्याशी जळगाव जिल्ह्याचा थेट संबंध आहे. वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलींची काडतुसं बनतात, भुसावळच्या निर्माणीत दारूगोळा ठेवायच्या पेट्या आणि पिनाक रॉकेटचे पॉड. देश संरक्षणावरचा पैसा मोठ्या जहाजांवर घालतो की रोज खपणाऱ्या मालावर, यावर इथल्या पाळ्या चालणार की थांबणार हे ठरतं.

14 फेब्रुवारी 2024 रोजी क्रायमियाजवळ रशियाचं ‘सीझर कुनिकोव्ह’ हे जहाज बुडालं. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेलं हे जहाज शंभर मीटरहून लांब होतं. ते बुडवलं युक्रेनच्या ‘मागुरा’ या मानवरहित बोटींनी. त्यांची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास, आणि त्या पाठवणाऱ्या देशाकडे मोठी युद्धनौका उरलेली नव्हती. फौज उतरवणारं जहाज मुळातच अवघड जागी सापडतं. त्याला किनाऱ्याजवळ यावंच लागतं, वेग कमी करावा लागतो, आणि माणसं व वाहनं बाहेर पडेपर्यंत जवळजवळ एका जागी थांबावं लागतं. पूर्वी किनाऱ्यावरच्या तोफा आणि विमानं निकामी केली की वाट मोकळी होत असे. ड्रोन मात्र एखाद्या शेडमधून किंवा ट्रकमधून निघतात, त्यामुळे आधी नेमकं काय नष्ट करायचं, हेच कळत नाही.

यावर आक्षेप असा की काळा समुद्र हिंदी महासागरासारखा नाही. तो खरा आहे. ते पाणी अरुंद आहे, आणि तुर्कस्तानने सामुद्रधुनी युद्धनौकांना बंद केल्यामुळे बुडालेल्या जहाजांच्या जागी रशियाला बाहेरून दुसरी आणता आली नाहीत. शिवाय अंदमान आणि लक्षद्वीप राखणाऱ्या देशाला अशी जहाजं लागतातच. अमेरिकेकडून 2007मध्ये घेतलेल्या ‘आयएनएस जलाश्व’ने मे 2020मध्ये कोरोनाच्या काळात मालदीवमध्ये अडकलेल्या भारतीयांना घरी आणलं. ऑक्टोबर 2025मध्ये अशाच मोठ्या जहाजांच्या खरेदीला संरक्षण खरेदी परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली, ती मला चूक वाटत नाही. चूक होईल ती जहाजाची किंमत त्याच्या कवचाशिवाय मोजण्यात. ड्रोन पाडणाऱ्या तोफा, ड्रोनचे संदेश बिघडवणारी यंत्रं, पुढे जाऊन टेहळणी करणारी मानवरहित वाहनं आणि या सगळ्याचा वर्षानुवर्षांचा दारूगोळा, हे मूळ अंदाजपत्रकात धरलं नाही तर अख्खी नौका शत्रूच्या स्वस्त बोटीच्या हवाली केल्यासारखं होईल.

मे 2025मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत तीनशे-चारशे ड्रोन सोडल्याचं सरकारने सांगितलं. त्यांना अडवताना एल-70 सारख्या जुन्या विमानविरोधी तोफाही कामी आल्या, आणि मला त्यातली ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. लाखभराचं ड्रोन कोट्यवधींच्या क्षेपणास्त्राने पाडत राहणारा देश आकाशातली लढाई जिंकूनही तिजोरीत हरू शकतो. स्वस्त शस्त्राला स्वस्त उत्तर हवं, आणि ते भरपूर हवं. 2025-26च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यातले नव्या सामग्रीसह भांडवली खर्चाचे सुमारे 1.80 लाख कोटी. या रकमेतून मोठ्या जहाजाची ऑर्डर एकदाच निघते, ड्रोन आणि ते पाडणारा दारूगोळा मात्र सतत लागतो. इथेच जळगावच्या कारखान्यांचा प्रश्न येतो. ऑक्टोबर 2021मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून वरणगाव म्युनिशन्स इंडिया या आणि भुसावळ यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडे गेलं. कंपनी झालेल्या कारखान्याला हातात ऑर्डर लागते. ड्रोनविरोधी दारूगोळ्याची अनेक वर्षांची पक्की मागणी आज नोंदवली, तरच नवी यंत्रं बसवायला आणि तरुण कारागीर शिकवून तयार करायला या कारखान्यांना वेळ मिळेल.