क्रेफिशचा बंदोबस्त : एका तळ्यावरील आठ वर्षांचे काम

क्रेफिश हा गोड्या पाण्यात राहणारा कवचधारी प्राणी होय. अंगाने तो झिंग्यासारखा लांबट असतो, परंतु त्याच्या पुढील दोन नांग्या खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे भक्कम असतात. भारतात तो मूळचा नाही. त्याच्या अनेक जाती अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथील नद्या व तळी यांत आढळतात. आपल्याकडील शेतकऱ्यास त्याचे नाव अपरिचित असले, तरी बांध पोखरणाऱ्या व रोपे तोडणाऱ्या खेकड्यांशी ज्याचा दरवर्षी संबंध येतो, त्यास या प्राण्याचा उपद्रव समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या अध्यापकांनी एका तळ्यातील क्रेफिश कमी करण्याचे जे काम २००१ ते २००८ या काळात केले, ते यासाठीच पाहण्यासारखे आहे. उपद्रवी प्राणी नुसता धरून का संपत नाही, याचे उत्तर त्या कामातून मिळाले.

विस्कॉन्सिन राज्याचा उत्तर भाग प्राचीन हिमनद्यांनी कोरलेल्या शेकडो तळ्यांनी भरलेला आहे. सरोवरांच्या शास्त्राचा अमेरिकेतील पाया ज्यांनी घातला, ते बर्ज व जुडे हे दोघे याच विद्यापीठातील होत. त्यांनी १९२५ साली ट्राउट नावाच्या तळ्याकाठी एक संशोधन केंद्र सुरू केले. हिवाळ्यात ही तळी गोठतात. म्हणून उन्हाळा लागला की विद्यार्थी तेथे मुक्कामास जातात आणि पाणी, वनस्पती, मासे व तळाशी राहणारे जीव यांची मोजदाद करतात. वर्षानुवर्षे अशा नोंदी ठेवल्या गेल्यामुळेच क्रेफिशने काय बदल घडविला, हे आकड्यांनी सांगता आले.

या तळ्यांत उपद्रव करणारी जात म्हणजे ‘रस्टी क्रेफिश’. हिच्या पाठकवचाच्या दोन्ही बाजूंस गंजाच्या रंगाचा एकेक डाग असतो, त्यावरून हे नाव पडले. ही जात मूळची ओहायो नदीच्या खोऱ्यातील. विस्कॉन्सिनमध्ये ती १९६० च्या सुमारास दिसू लागली. गळाला आमिष म्हणून हौशी मासेमार जिवंत क्रेफिश डब्यात घेऊन येत आणि दिवस मावळला की उरलेले तळ्यात सोडून देत. तिचा प्रसार मुख्यतः असा झाला असे मानतात. त्यातून या प्राण्याच्या मादीची एक विशेष गोष्ट आहे. नराशी संग झाल्यावर त्याचे वीर्य ती अंगात साठवून ठेवते व वसंतात अंडी घालते. ही अंडी पोटाखालील पायांना चिकटलेली असतात व त्यांतून निघालेली पिलेही काही काळ तेथेच राहतात. म्हणजे डब्यातून सुटलेली एकच मादी नव्या तळ्यात वसाहत उभी करू शकते. अंड्यांची संख्या शेकड्यांत भरते.

क्रेफिश जे मिळेल ते खातो. गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, माशांची अंडी, कुजलेला पाला यांपैकी त्यास काहीच वर्ज्य नाही. परंतु खरे नुकसान होते ते जलवनस्पतींचे. वनस्पती खाण्यापेक्षा तो ती बुडाशी तोडून अधिक टाकतो, आणि तोडलेली झाडे पाण्यावर तरंगत काठाला लागतात. ट्राउट तळ्यात ही जात १९७९ साली प्रथम आढळली. काठाच्या सर्व उथळ भागात पसरण्यास तिला सुमारे १९ वर्षे लागली. एवढ्या अवधीत दर चौरस मीटरमागे दहा हजारांहून अधिक असलेल्या गोगलगायी पाचांच्याही खाली आल्या, आणि पाण्याखालील वनस्पतींच्या जातींत काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत घट झाली. या वनस्पतींच्या आडोशाने वाढणारे व तेच अन्न खाणारे सनफिश जातीचे लहान मासेही त्याबरोबर कमी झाले. तळ्याचे पाणी वरून पूर्वीसारखेच स्वच्छ दिसे; बदल झाला होता तो तळाशी.

स्थानिक क्रेफिश या नव्या जातीपुढे का टिकत नाही, हे विद्यार्थ्यांनी काचेच्या टाक्यांत पाहिले. टाकीत दगडाखाली लपण्याची एकच जागा ठेवली, की आगंतुक जात स्थानिकाला तेथून हुसकून लावते. उघड्यावर आलेला स्थानिक क्रेफिश माशाच्या तोंडी सहज पडतो. मासा जवळ येताच स्थानिक जात पळू पाहते, तर रस्टी जात नांग्या उभारून जागच्या जागी उभी राहते. त्यामुळे तिला गिळणे माशास अवघड जाते. लढाईत हार होते ती अशी आडमार्गाने.

आता बंदोबस्ताकडे वळू. त्यासाठी स्पार्कलिंग नावाचे तळे निवडण्यात आले. त्याचे क्षेत्र सुमारे ६४ हेक्टर आणि सर्वाधिक खोली २० मीटर आहे. तारेच्या जाळीचे, दोन्ही टोकांना आत वळलेली तोंडे असलेले सापळे घेऊन त्यांची तोंडे क्रेफिश शिरेल इतकी रुंद करण्यात आली. आत काळजाचे तुकडे आमिष म्हणून ठेवून सापळे काठालगत ओळीने पाण्यात सोडण्यात आले. ठरलेल्या दिवशी होडीतून जाऊन सापळे उपसावयाचे, क्रेफिश मोजावयाचे, नर की मादी ते पाहावयाचे, कवचाची लांबी मोजपट्टीने घ्यावयाची, नोंद करावयाची व पुन्हा आमिष घालून सापळा सोडावयाचा, असा उन्हाळाभर क्रम असे. या कामात बुद्धीपेक्षा चिकाटीची कसोटी अधिक लागते.

नोंदी जमल्यावर सापळ्याचा एक मोठा दोष स्पष्ट झाला. त्यात येणारे क्रेफिश बहुतेक मोठे असत, आणि त्यांतही नर अधिक. मोठा नर धीट असतो. आमिषापाशी तो आधी पोहोचतो व लहानांना जवळ येऊ देत नाही. अंडी बाळगणारी मादी दगडाखालून फारशी बाहेर पडत नाही. लहान पिले तर सापळ्यात जवळजवळ येतच नाहीत. तेव्हा केवळ सापळ्यांवर विसंबल्यास मोठे जातात, लहानांना अन्न व निवारा मोकळा मिळतो, आणि दोन-तीन वर्षांत तेच मोठे होऊन जागा भरून काढतात.

लहानांचा समाचार घेण्याचे काम माशांवर सोपविण्यात आले. या तळ्यात ‘स्मॉलमाउथ बास’ व ‘रॉक बास’ हे मासे क्रेफिश खाणारे आहेत. राज्याच्या मत्स्यखात्याने बास धरण्यावर कडक निर्बंध घातले. मासे खरोखर काय खातात हे ताडण्यासाठी विद्यार्थी मासा धरून त्याच्या पोटात नळीने हळूच पाणी सोडीत, पोटातील अन्न बाहेर काढून तपासीत आणि मासा जिवंत परत सोडीत. त्यावरून दिसून आले, की मासे मुख्यतः लहान क्रेफिश खातात. सापळ्यातून सुटणारे नेमके हेच! सापळे मोठे उचलीत व मासे लहान. दोन्ही उपायांची सांगड अशी जमली.

या कामाचे फळ लवकर दिसले. काही वर्षांतच सापळ्यामागे सापडणाऱ्या क्रेफिशांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक खाली आली. २००८ मध्ये सापळे थांबविल्यावर संख्या पुन्हा उसळी घेईल अशी भीती होती, परंतु पुढील काही वर्षे ती कमीच राहिली. तळावर वनस्पती पुन्हा उगवू लागल्या व सनफिश वाढले. एकही क्रेफिश उरला नाही, असे मात्र घडले नाही. तो हेतूही नव्हता.

हा उपाय सर्वत्र लागू पडेल असे मात्र नाही. आठ उन्हाळे चाललेले हे श्रम मोजले, तर खर्च थोडा नव्हे. शिवाय तळे मध्यम आकाराचे व एकटे होते. वाहत्या नदीत वरून नवे क्रेफिश येत राहतील. प्रत्येक तळ्यास धोकाही सारखा नसतो. कवच घडविण्यास या प्राण्याला चुना लागतो, म्हणून ज्या पाण्यात चुन्याचे प्रमाण फारच अल्प असते तेथे तो टिकत नाही. तळ दगडगोट्यांचा असेल तर लपण्यास जागा पुष्कळ व प्रादुर्भाव जास्त. नुसत्या वाळूवर तो कमी. विस्कॉन्सिनमध्ये परवान्याशिवाय क्रेफिश पाण्यात सोडण्यास कायद्याने मनाई आहे, आणि हाच उपाय सर्वांत स्वस्त आहे.

भातशेतीच्या दृष्टीने दुसऱ्या एका जातीचा उल्लेख करणे अवश्य आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील तांबडा क्रेफिश तेथील शेतकरी भाताच्या खाचरांत मुद्दाम वाढवितात व भाताच्या जोडीने त्याचे उत्पन्न घेतात. हीच जात १९७० च्या दशकात स्पेनमध्ये आणून सोडण्यात आली. तेथे ती ग्वादलक्विविर नदीकाठच्या भातशेतीत पसरली; तिने बांधांत बिळे केली, त्यामुळे पाणी झिरपू लागले आणि कोवळी रोपेही तोडली गेली. एका मुलखात जे पीक, ते दुसऱ्या मुलखात कीड ठरले.

आपल्या कोकणातील खाचरांतला खेकडा मात्र येथलाच आहे, हा फरक विसरता कामा नये. त्यास समूळ नष्ट करणे योग्यही नाही. पहिल्या पावसात रात्री उजेड घेऊन जे खेकडे धरले जातात ते बहुधा मोठे असतात. गोड्या पाण्यातील खेकड्याची मादीदेखील अंडी व पिले पोटाखाली बाळगते, आणि लहान खेकडे बिळांत राहून जातात. लहान खेकड्यांवर बगळ्यांसारखे पक्षी जगतात. खाचरात विषारी आमिष टाकले, तर ते खेकड्याबरोबर या मदतनिसांनाही बाधू शकते. राहता राहिला प्रश्न परदेशी जलचरांचा. आफ्रिकन मागूर मासा भारतात कसा आला व त्यावर पुढे बंदी का घालावी लागली, हे मत्स्यशेती करणाऱ्यांस ठाऊक आहे. शोभेच्या काचपेटीसाठी कोणी रंगीत क्रेफिश घेतला असल्यास तो विहिरीत, शेततळ्यात अथवा ओढ्यात कधीही सोडू नये. नको झाल्यास विकणाऱ्याकडे परत द्यावा, आणि शेततळ्यात अनोळखी नांगीवाला प्राणी आढळल्यास तो जिवंत दुसरीकडे न नेता जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास दाखवावा.