लोकर धुतली तरी चिकटच? पाणी कोमट असेल तर तेल निघणार नाही

कशेळी (ता. भिवंडी) : भातकापणी झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन ठाणे जिल्ह्यात उतरतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या जातात. पण दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आज भाव नाही. अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती फेकून दिली जाते. हीच लोकर नीट धुतली, तर घरच्या गादी-उशीला, आसनाला किंवा घोंगडीच्या सुताला उपयोगी पडते. चिकट राहिली तर मात्र पिंजता येत नाही, रंग धरत नाही आणि कसर लागते.

हा चिकटपणा लॅनोलिनचा. मेंढीच्या कातडीतून पाझरणारा हा मेणासारखा पदार्थ साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतो. त्यामुळे थंड किंवा कोमट पाण्यात कितीही साबण घातला तरी तो सुटत नाही.

असे करा :

१) काटे-कुसळे, लेंड्या काढून लोकर झटका. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. घाम आणि माती इथेच निघते.

२) उकळते आणि साधे पाणी निम्मे-निम्मे मिसळा. पाणी ६० ते ६५ अंशांपर्यंत येते. रबरी हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

३) अर्धा किलो लोकरीला १५ लिटर पाणी घ्या. आधी भांडी घासायचे लिक्विड मिसळा, मग लोकर हलकेच दाबून बुडवा. चोळू नका, ढवळू नका. लोकर गुंतून तिचा नमदा होतो.

४) १५ ते २० मिनिटांनी, पाणी गरम असतानाच लोकर बाहेर काढा. बहुतेकांचे इथेच चुकते. पाणी निवले की सुटलेले तेल पुन्हा लोकरीवरच बसते.

५) तेवढ्याच गरम पाण्यात पुन्हा एकदा धुवा, मग गरम पाण्यातच दोनदा खळबळा. पिळू नका. दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा.

कशेळीच्या खाडीचे पाणी खारट, त्यात साबणाला फेस येत नाही. जड बोअरच्या पाण्यात अंगाच्या साबणाचा चिकट साका उलट लोकरीवरच बसतो. म्हणून नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी आणि लिक्विडच बरे. धुण्याचा सोडा जास्त घालू नका, धागा कमकुवत होतो.

तेल सगळेच काढायची गरज नाही. वाळल्यावर लोकर मोकळी झाली, बोटाला चिकटत नसेल, तर काम झाले. साबणाचे पाणी विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नका.