आजोबांनी गाडी चालवावी का?



उत्तन गावाला रेल्वे नाही. भाईंदर स्थानकावर उतरायचे आणि बस, रिक्षा किंवा स्वतःचे वाहन घेऊन समुद्राकडचा रस्ता धरायचा. बाजार असो, दवाखाना असो की दूरच्या नातेवाइकांचे घर, चाकांवाचून अडतेच. आता अशी कल्पना करा, की या गावात ७२ वर्षांचे एक आजोबा आहेत. उमेदीची वर्षे मासेमारीत गेली, आता ते स्कूटर चालवतात. मुलगा म्हणतो, "बाबा, आता स्कूटर बंद करा." आजोबा विचारतात, "मग मी घरात बसून काय करू?"

कोणाचे खरे? गंमत अशी, की दोघांचेही! मुलाला अपघाताची भीती वाटते, ती खोटी नाही. पण आजोबांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. वाहन चालवणे सोडलेल्या वृद्धांविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचा २०१६ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असे आढळले, की वाहन सुटल्यावर मन खिन्न होण्याचा धोका जवळजवळ दुपटीने वाढतो. मग करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र आहे. त्याचे नाव व्यवसायोपचार.

व्यवसाय म्हणजे नोकरी नव्हे

येथे 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभरात जी जी कामे करतो ती सगळी. अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, वाहन चालवणे, सारे त्यात आले. आजार, अपघात किंवा वय यांमुळे ही कामे अडू लागली, की ती पुन्हा कशी जमतील हे व्यवसायोपचारक पाहतो. आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात मुंबईतच झाली. १९५० साली कमला निंबकर यांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ साली या उपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता.

वय वाढते तेव्हा काय बदलते?

पहिला बदल डोळ्यांत. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. संध्याकाळी रस्ता अंधूक दिसतो तो यामुळे.

दुसरा बदल लक्ष देण्यात. समोर पाहत असतानाच कडेने धावत येणारे मूल एका नजरेत टिपणे, ही मेंदूची करामत आहे. अमेरिकेत सिंथिया आउस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८७ वर्षे वयाच्या २९४ चालकांची ही शक्ती मोजली आणि पुढची ३ वर्षे त्यांच्या अपघातांची नोंद ठेवली. ज्यांची शक्ती ४० टक्के किंवा त्याहून अधिक घटली होती, त्यांना अपघाताचा धोका इतरांच्या सुमारे २.२ पट होता. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला.

तिसरा बदल वेगात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर अंतर तोडते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ते साडेपाच मीटर पुढे गेलेले असते!

एक सोपा प्रयोग

३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरा. समोरच्याने आपला अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न लावता ठेवावे. न सांगता पट्टी सोडा. ती किती सेंटिमीटरवर पकडली ते पाहा. त्याचे मीटर करा, ४.९ ने भागा आणि वर्गमूळ काढा. आलेले उत्तर म्हणजे सेकंद. २० सेंटिमीटरला सुमारे ०.२० सेकंद येतात, ३० ला सुमारे ०.२५. स्वतःचा, आईचा आणि आजीचा आकडा ताडून पाहा. मात्र एवढ्यावरून कोणी वाहन चालवावे की नाही हे ठरवू नका बरे!

उपचारक काय करतो?

आपल्याकडे वयाच्या ५५ नंतर वाहन परवाना दर ५ वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्याबरोबर डॉक्टरांचा दाखला लागतो. पण मुदतीत अर्ज केला, तर पुन्हा वाहन चालवून दाखवावे लागत नाही. या विषयात तयार झालेला उपचारक मात्र आधी खोलीत नजर, मान वळणे, स्मरण, पायातले बळ तपासतो आणि मग रस्त्यावर प्रत्यक्ष चालवायला लावतो. उत्तर नेहमी 'हो' किंवा 'नाही' असेच नसते. 'फक्त दिवसा', 'पावसात नको', 'उजवे वळण टाळणारा रस्ता धरा', 'आरसे मोठे लावा' असेही असते. माणूस, काम आणि परिसर यांपैकी जे बदलता येईल ते बदलायचे, हे या शास्त्राचे सूत्र आहे.

आणि थांबायचीच वेळ आली तर? पर्याय आधी तयार हवा. बसच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. किती साध्या गोष्टी, पण किती जणांना ठाऊक आहेत?

पायी जाणाऱ्यांचेही गणित करा. रस्ता ७ मीटर रुंद आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणारा तो ६ सेकंदांच्या आत ओलांडतो, ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला जवळजवळ ९ सेकंद लागतात. या जास्तीच्या ३ सेकंदांत ते ताशी ४० किलोमीटरचे वाहन ३३ मीटर जवळ येते.

तेव्हा शिक्षकांच्या मदतीने एवढे करा. तुमच्या शाळेजवळचा रस्ता टेपने मोजा. बसची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे, थांब्यावर बसायला बाक आहे का, रात्री दिवा लागतो का, हे वहीत लिहा. मग तो तक्ता वर्गात लावा आणि पाहा, यातले काय काय बदलता येईल.