'नार्कोस'मधला एक प्रसंग पडताळून पाहताना

'नार्कोस' ही २०१५ साली आलेली मालिका पाहून झाली की प्रश्न पडतोच : यातले खरे किती? जुने कागद आता घरबसल्या पाहता येतात. फक्त क्रम सांभाळायला हवा.

१. एकच प्रसंग घ्यावा. अख्खी मालिका तपासायला बसलो, तर आपण दोन दिवसांत कंटाळतो. उदाहरणार्थ हा प्रसंग : मर्फी आणि पेन्या हे डीईएचे, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी कोकेनचा तस्कर पाब्लो एस्कोबार याचा जुन्या अटकेचा फोटो शोधतात आणि न्यायमंत्री लारा बोनिया तो कोलंबियाच्या संसदेत दाखवतात. आपला प्रश्न : ती अटक खरोखर कोणी उजेडात आणली?

२. आधी तारखा मांडाव्यात. एस्कोबार १९८२ मध्ये संसदेवर निवडून आला. पेन्या कोलंबियात गेले १९८८ मध्ये, मर्फी १९९१ मध्ये. एकही संग्रह उघडण्याआधीच पाणी मुरते आहे हे दिसते.

३. नावे नीट लिहून घ्यावीत. स्पॅनिश नावात वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात. एस्कोबारचे दुसरे आडनाव गाविरिया. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सेसार गाविरियांचे पहिले आडनावही तेच. नुसते 'गाविरिया' शोधले, तर दोघांची सरमिसळ होते.

४. मग वर्तमानपत्र. गूगलच्या वृत्तपत्र संग्रहात कोलंबियातल्या 'एल एस्पेक्तादोर'च्या जुन्या अंकांची पाने आहेत. इथे बहुतेक जण अडकतात. शब्द टाकतात, काही सापडत नाही आणि बातमी छापलीच नव्हती असे समजतात. ही पाने म्हणजे छायाचित्रे. त्यांतली अक्षरे यंत्राने ओळखलेली (याला 'ओसीआर' म्हणतात). पुसट छपाईत ते हमखास चुकते. म्हणून तारखेने अंक उघडावा आणि पाने डोळ्यांनी चाळावीत. स्पॅनिश येत नसेल, तर मथळा भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकावा.

आपल्याला हवा २५ ऑगस्ट १९८३चा अंक. संपादक गियेर्मो कानो यांना एस्कोबारचा चेहरा पूर्वी पाहिल्यासारखा वाटला. त्यांनी कचेरीतले जुने अंक धुंडाळायला लावले, १९७६च्या अटकेची बातमी सापडली आणि त्यांनी ती पुन्हा छापली. लारा बोनियांनी एस्कोबारवर जाहीर आरोप केले, हेही खरेच.

५. सरकारी कागद शेवटी पाहावेत. वॉशिंग्टनच्या 'नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह'मध्ये गोपनीयता उठवलेले अमेरिकी दस्तऐवज वाचता येतात. नाव सरकारी वाटले, तरी ही १९८५ची बिगरसरकारी संस्था. काही ओळी काळ्या केलेल्या दिसतील; तिथे अंदाज भरू नये. 'अंतिम मूल्यमापन झालेले नाही' अशी सूचना असलेला अहवाल म्हणजे त्या दिवशी कानावर आलेली माहिती. तो पुरावा नव्हे.

६. नोंद लगेच करावी. वर्तमानपत्र, तारीख, पान आणि आपण ते कधी पाहिले, एवढे पुरे. दुवे मरतात, म्हणून पानाची प्रतही जपून ठेवावी.

७. उत्तर मिळाले तरी त्यात आलेले नाव पुढच्या वर्षांत शोधावे. आपल्या वहीत आता एवढे आहे : खरा शोध वर्तमानपत्राच्या जुन्या गठ्ठ्यांत लागला, मालिकेने तो अधिकाऱ्यांच्या नावावर टाकला. 'कानो' हे नाव घेऊन पुढे गेलो की १७ डिसेंबर १९८६ ही तारीख येते. त्या संध्याकाळी कचेरीतून बाहेर पडताच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.