सागाची वाहतूक : एका वाफेच्या गाडीचा धडा

माहूर-किनवट भागातील शेतकरी बंधूंना साग नवा नाही. बांधावरचा साग विकण्याची वेळ आली की ओंडके रस्त्यापर्यंत आणायचे कसे व किती खर्चात, हा पहिला प्रश्न पडतो. पूर्वीच्या कोचीन संस्थानापुढेही (आताचे केरळ) हाच प्रश्न उभा होता. त्यांनी काढलेला मार्ग आणि त्याचा शेवट साग लावणाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे.

वनातील रूळमार्ग

परंबिकुळमच्या जंगलात उत्तम साग होता. परंतु मध्ये उंच घाट होते. यावर उपाय म्हणून १९०७ साली चालक्कुडी ते परंबिकुळम असा सुमारे ८० किलोमीटर लांबीचा मीटरगेज ट्रामवे सुरू झाला. सपाट भागात जर्मन बनावटीची वाफेची इंजिने ओंडक्यांचे डबे ओढीत. चालक्कुडीपासून पुढे लाकूड रेल्वेने जाई.

घाटात इंजिनाचा उपयोग नव्हता. तेथे भरलेले डबे दोराने उतारावरून सोडीत आणि त्यांच्याच वजनाने रिकामे डबे वर येत. विहिरीच्या कप्पीवर एक बादली खाली जाताना दुसरी वर येते, तसाच हा प्रकार. वेग ब्रेक लावून आवरीत.

मार्ग बंद का पडला?

रूळ, दोर, इंजिने आणि मजूर यांचा खर्च दरवर्षी करावाच लागतो. ओंडके कमी आले म्हणून तो त्या प्रमाणात कमी होत नाही. साग मात्र जाड होण्यास अनेक दशके घेतो. त्यामुळे तोडीचा वेग यंत्राच्या भुकेवर ठरवला, तर जंगल मागे पडते. पुढे या मार्गाचा खर्च भरून निघेना व तो बंद करण्यात आला. परंबिकुळम आज व्याघ्र प्रकल्प आहे. तेथील 'कन्निमरा' नावाचा प्रचंड सागवृक्ष लोक आवर्जून पाहायला जातात.

आपण काय करावे?

१. सागासाठी पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत साग लावू नये.

२. गाडी जाईल अशा बांधावर लागवड करावी. ओढणीचा खर्च किमतीतून वजा होतो, हे विसरू नये.

३. दाट लागवडीत वेळेवर विरळणी करावी. वाकडी व रोगट झाडे आधी काढावीत.

४. मोजणी समजून घ्यावी. व्यापारात गोलाईचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग लांबीने गुणतात. १ मीटर गोलाई व ४ मीटर लांबीचा ओंडका या रीतीने ०.२५ घनमीटर भरतो. प्रत्यक्षात तो सुमारे ०.३२ घनमीटर असतो. म्हणून भाव ठरवण्यापूर्वी मोजणीची रीत विचारावी.

५. तोडणीची परवानगी व वाहतूक पास याबाबत वन परिक्षेत्र कार्यालयात आधीच चौकशी करावी.

६. सगळी झाडे एकदम तोडू नयेत. जितकी तोडाल, त्याहून अधिक लावावीत.

यंत्र कितीही ताकदीचे असले तरी झाडाची वाढ त्याच्या हाती नसते. सागाचा हिशेब पिढीचा असतो, हंगामाचा नव्हे.