पिसं उपटणारी लाल कोंबडी

त्या रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी सुरी घेऊनच अंगणात उभ्या होत्या. “आज हिचाच रस्सा! बाकीच्यांना पार उघडं करून टाकलंय मेलीने.” ‘ही’ म्हणजे त्यांची लाल कोंबडी. बारा कोंबड्यांतली एक आधीच्या आठवड्यात मेली होती. उरलेल्यांपैकी सहा-सातजणींच्या पाठीवर, शेपटीच्या वर पिसंच नव्हती. एकीला तर रक्त आलं होतं. बचत गटाच्या कर्जातून आणलेल्या या कोंबड्या. अंड्यांच्या पैशातून मुलीच्या क्लासची फी जाते. राग येणारच.

पण मी सुरी खाली ठेवायला लावली. कारण दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. उपटणाऱ्या दोघींना कापलं आणि महिन्याभरात तिसरीने तेच सुरू केलं! तेव्हा पशुवैद्यक डॉक्टरांनी मला खुराड्यापाशी अर्धा तास नुसतं बसवलं होतं.

मैत्रिणींनो, भांडणारी कोंबडी डोक्यावर, तुऱ्यावर टोचते. त्यातून मोठी कोण, धाकटी कोण हे ठरतं. नॉर्वेच्या शेल्डरूप-एब्बे यांनी १९२१मध्ये कोंबड्यांमधली ही उतरंड मांडली. पिसं उपटणारी मात्र भांडत नसते. ती मागून शांतपणे येते, पीस ओढते, कधी गिळूनही टाकते. दिवसभर जमीन उकरून टिपत राहायचं हा तिचा स्वभाव. उकरायला काही मिळालं नाही, की चोच शेजारणीच्या पाठीकडे वळते.

आमच्या गासमध्ये पूर्वी कोंबड्या केळीच्या वाडीत मोकळ्या फिरायच्या. पाचोळा उकरायचा, किडे टिपायचे, संध्याकाळी आपणहून घरी. आता वाड्या आक्रसल्या, शेजारी इमारती आल्या, कुत्री वाढली, तक्रारी वाढल्या. त्यामुळे कोंबड्या जाळीत. वहिनींचं पत्र्याचं खुराडं चार फूट बाय पाच फूट. दर कोंबडीला निदान दोन चौरस फूट हवेत, आणि तेही रात्रीपुरते. दिवसा फिरायला वेगळी जागा लागतेच. खायला काय, तर तांदळाची कणी आणि शिळा भात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात; कणीत त्याच्या निम्मीसुद्धा नसतात. आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच! मीठ कमी पडलं तरी त्या टोचतात.

आम्ही आधी जखमी कोंबडीला वेगळं केलं, कारण रक्त दिसलं की सगळ्याच तुटून पडतात. वहिनी जांभळं औषध लावायला निघाल्या होत्या. ते मी लावू दिलं नाही. अंडी आपल्याच पोटात जातात. कोमट पाण्याने जखम धुऊन हळद लावली. लाल कोंबडीला आठ दिवस टोपलीखाली ठेवलं. पिसं झडायचा हंगाम नाही ना, अंगावर उवा नाहीत ना, तेही पाहिलं. उवा निघाल्याच. मग एका कोपऱ्यात माती आणि चुलीची राख टाकली, लोळायला.

खाण्यात अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणि वर मूठभर सुका जवळा. जवळा मूठभरच हं, जास्त झाला तर अंड्याला वास येतो. खारवलेला तर नकोच. वाडीतून केळीची सुकी पानं आणून जाळीत पसरली, त्यात दाणे फेकले. माठाची जुडी चोचीच्या उंचीवर टांगली. सकाळी दहापर्यंत त्या पाचोळ्यातून डोकं वर काढत नाहीत! अंड्यांसाठी आंब्याच्या दोन पेट्या ठेवून पुढे गोणपाट लावलं. अंडं देताना मागची लाल जागा दिसली की दुसऱ्या तिथेच टोचतात; अंधार असला की ते टळतं.

“चोचीचं टोकच कापून टाका,” असाही सल्ला मिळाला. मला नाही पटलं. चोचीत नसा असतात, कापलं की दुखतं. नॉर्वे, स्वीडनमध्ये त्याला बंदीच आहे. अमेरिकेत तर १९०३मध्ये एकाने कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं होतं! वहिनी किती वेळ हसत होत्या.

महिना झाला. चौघींच्या पाठीवर नवी पिसं फुटताहेत. ज्यांची अर्धवट तुटली, त्यांना पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल. लाल कोंबडी अजूनही एखाद्या दुपारी कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहते. मग वहिनी पाचोळ्यात मूठभर दाणे टाकतात. कालच्या अंड्यांत तिचंही एक होतं.