सगळ्यांना लोळवलं, पण नायिका कुणाची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना तोंडात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिलेत, ते चालवून घ्या.

आजचा विषय आहे कमी बजेटचे अमेरिकन मार्शल आर्ट्स सिनेमे आणि त्यातली वेगवेगळ्या वंशांच्या माणसांमधली प्रेमप्रकरणं. माझ्या पिढीने यातले बरेच सिनेमे केबलवर, हिंदी डबिंगमध्ये, मधूनच सुरू करून बघितलेत. त्यात प्रेमाचा सीन आला की आपण चॅनल बदलायचो. घरचे बसलेले असायचे ना! त्यामुळे एक गोष्ट आपल्या लक्षातच आली नाही, की तो सीन नेमका कुणाच्या वाट्याला येतोय.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे नियम दिसला की आधी त्याचा अपवाद शोधतो. या सिनेमांचा नियम सरळ आहे. नायक मार खातो, गुरूकडे जातो, शिकतो, शेवटी खलनायकाला लोळवतो आणि नायिका त्याच्या मिठीत येते. ('नायिका मिळणं' ही भाषा मलाही खटकते, पण हे सिनेमे तिच्याकडे बक्षीस म्हणूनच बघतात.) आता यात एक इफ कंडिशन घाला. नायक आशियाई असेल तर? तो सगळ्यांना लोळवतो आणि एकटाच घरी जातो.

हे कुठून आलं, ते बघू. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेली एक आचारसंहिता होती. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधला शरीरसंबंध पडद्यावर दाखवायला तिच्यात स्पष्ट बंदी होती. कागदावर उल्लेख काळ्या-गोऱ्यांचाच होता, पण स्टुडिओ तीच भीती आशियाई कलाकारांनाही लावत. 'द गुड अर्थ' (१९३७) या चिनी शेतकऱ्यांच्या गोष्टीत नायक झाला पॉल म्युनी, म्हणजे चिनी मेकअपमधला गोरा नट. मग त्याच्या बायकोच्या भूमिकेत खरीखुरी चिनी-अमेरिकन ॲना मे वाँग कशी चालणार? तिथेही गोरीच नटी घेतली, लुईझ रायनर. तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं.

आणि ही भीती काही नुसती पडद्यावरची नव्हती. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि आशियाई व्यक्तींच्या लग्नावरची कायदेशीर बंदी १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली. अख्ख्या देशात ती उठायला १९६७ उजाडलं. 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' हा निकाल आला तेव्हाही १६ राज्यांत अशी लग्नं बेकायदा होती. आपण ऐकून हसायचं कारण नाही. लग्नाच्या साइटवर 'जातीची अट नाही' असं लिहून फोनवर पहिल्याच वाक्यात जात विचारणारे लोक तुम्हालाही भेटले असतील.

तर या सगळ्यात, १९५९ साली, एक छोटासा सिनेमा येतो. 'द क्रिमसन किमोनो'. लेखक, निर्माता, दिग्दर्शक, सगळं सॅम्युएल फुलर. ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम ८२ मिनिटांचा, बराचसा लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोत प्रत्यक्ष जाऊन शूट केलेला. मार्शल आर्ट्स सिनेमा असा काही प्रकार तेव्हा अमेरिकेत नव्हताच, त्यामुळे वरवर बघता ही एक गुप्तहेरकथा आहे. पण आत कराटे आहे आणि अख्ख्या गोष्टीचा काटा फिरतो तो एका केंडो सामन्यावर.

जो आणि चार्ली हे दोन पोलीस डिटेक्टिव्ह. जो जपानी-अमेरिकन, चार्ली गोरा. कोरियाच्या युद्धात एकत्र लढलेले, एकाच घरात राहणारे, सख्ख्या भावांसारखे. एका खुनाचा तपास करताना दोघंही क्रिस नावाच्या गोऱ्या चित्रकार मुलीच्या प्रेमात पडतात. तिला जो आवडतो. मग केंडोचा सामना येतो. अंगावर चिलखत, तोंडावर जाळी, हातात बांबूची तलवार, आणि समोर जिवाभावाचा मित्र. जोचा तोल सुटतो, तो नियम सोडून चार्लीला झोडपत सुटतो. पुढे क्रिसबद्दल कळल्यावर चार्लीचा चेहरा उतरतो आणि जोला त्या चेहऱ्यावर वंशद्वेष दिसतो. चार्ली म्हणतो, अरे, ही साधी मत्सराची आग आहे, कुठल्याही पुरुषाला होईल तशी. जोला ते पटत नाही. आयुष्यभर ज्याची भीती बाळगली तेच त्याला समोर दिसतंय.

मला हा प्रसंग जबरदस्त वाटतो. इथे फाइट प्रेमाच्या गोष्टीला तोंडी लावायला घातलेली नाही. जोला जे तोंडाने बोलता येत नाही ते त्याच्या हातातल्या बांबूतून बाहेर पडतं. आणि सिनेमाच्या शेवटी, निसेई वीकच्या मिरवणुकीच्या गर्दीत, भर रस्त्यात, जो आणि क्रिस चुंबन घेतात. जेम्स शिगेटाचा हा पहिलाच सिनेमा. फुलरने आत्मचरित्रात सांगितलंय की त्या गोऱ्या पोलिसाला जरा वाईट माणूस करा, असा स्टुडिओतून आग्रह झाला. म्हणजे मुलीने त्याला का नाकारलं हे प्रेक्षकांना 'समजेल'. फुलरने ऐकलं नाही. तिला जो आवडतो, याला आणखी कारण कशाला हवं?

लहान बजेटचा हा एक फायदा. पैसे कमी लागलेत, तर वरची मंडळी फार मागे लागत नाहीत.

आता थेट १९७३. 'एंटर द ड्रॅगन', साधारण साडेआठ लाख डॉलरमध्ये बनलेला, हॉलिवूडच्या हिशेबात स्वस्तच. हानच्या बेटावर पाहुण्यांच्या खोल्यांत रात्री मुली पाठवल्या जातात तो सीन आठवा. जिम केलीचा विल्यम्स, काळा, एकाच वेळी कित्येक जणींना निवडतो. जॉन सॅक्सनचा रोपर, गोरा, थेट त्या मुलींच्या प्रमुख बाईलाच निवडतो. आणि ब्रूस ली? तो मेजवानीत दिसलेल्या एका मुलीला बोलावतो, कारण ती त्यांचीच गुप्तहेर आहे, आणि तिच्याशी कामाचं बोलतो. सिनेमाचा खरा हीरो तो, आणि त्या रात्री ऑफिसचं काम करणारा एकटा तोच! (विल्यम्सचं सुखही फार टिकत नाही. पुढे हान त्याला मारून टाकतो.)

सगळा दोष हॉलिवूडच्या माथी मारणंही बरोबर नाही. लीने स्वतः लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या 'द वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये (१९७२) रोममधली एक बाई त्याला घरी नेते आणि तिला कपड्यांविना बघून तो धूम ठोकतो. तिथे तो विनोद आहे, भोळा खेडवळ पोरगा परदेशात, असा. गंमत म्हणजे लीचं स्वतःचं लग्न १९६४ साली सिअॅटलमध्ये लिंडा एमरी या गोऱ्या मुलीशी झालं होतं. तिच्या घरच्यांचा विरोध पत्करून. जे त्याच्या घरात होतं ते त्याच्या पडद्यावर नव्हतं.

त्याच काळात न्यूयॉर्कसारख्या शहरांतली स्वस्त थिएटरं कुंग फूच्या सिनेमांनी भरलेली होती आणि बघणाऱ्यांत काळे तरुण खूप होते. तो प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून 'ब्लॅक समुराई' (१९७७) आला. दिग्दर्शक अल ॲडमसन, नायक जिम केली. त्याची आशियाई प्रेयसी पळवली जाते आणि तो तिला सोडवायला निघतो. मधे तो जेटपॅक लावून उडतोसुद्धा. सिनेमा म्हणून सुमार आहे, मी शिफारस करणार नाही. पण काळा नायक आणि आशियाई नायिका अशी जोडी, कुणी काही स्पष्टीकरण न देता, अगदी सहज येते. मोठ्या स्टुडिओत तेव्हा हे कुणी केलं असतं असं मला वाटत नाही.

मग व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला आणि फॉर्म्युला पक्का झाला. 'किकबॉक्सर' (१९८९) बघा. व्हॅन डॅम थायलंडला जातो. गुरू आशियाई, विद्या आशियाई, नायिका मायली आशियाई, तीही गुरूचीच पुतणी. नायक मात्र गोरा. खलनायक टाँग पो हा थाई, पण तो साकारलाय मिशेल किसी या मूळच्या मोरोक्कन नटाने, मेकअप फासून. मायलीवर अत्याचार होतो तोही नायकाचा राग वाढावा म्हणून. म्हणजे आंतरवंशीय प्रेम आहे, पण ते विद्येबरोबर फुकट मिळणाऱ्या ॲक्सेसरीसारखं.

'शोडाउन इन लिटल टोकियो' (१९९१) तर त्याच लिटल टोकियोत घडतो, फुलरच्या ३२ वर्षांनंतर. डॉल्फ लुंडग्रेन आणि ब्रँडन ली, दोघं पोलीस, एक गोरा आणि एक अर्धा जपानी. पुन्हा तीच रचना! नायिका टिया कॅरेरे. आणि प्रेमप्रकरण कुणाचं? लुंडग्रेनचं. ब्रँडनला मिळाले विनोद. पुढच्या वर्षी 'रॅपिड फायर'मध्ये मात्र ब्रँडन स्वतः नायक होता आणि केट हॉजबरोबर त्याचा चांगला प्रणयप्रसंग आहे. ब्रँडन जगला असता तर हा नियम त्याने मोडला असता, असं मला नेहमी वाटतं. मार्च १९९३ मध्ये 'द क्रो'च्या शूटिंगमध्ये तो गेला, २८ वर्षांचा होता.

आणि २००० साली 'रोमिओ मस्ट डाय'. हा काही स्वस्त सिनेमा नाही, अडीच कोटी डॉलरचा, पण पैसे वाढल्यावर काय होतं ते बघण्यासाठी घेतो. जेट ली आणि आलिया, चिनी रोमिओ आणि काळी ज्युलिएट. शेवटी ते दोघं मिठी मारतात, बस्स. चुंबन शूट झालं होतं, चाचणी खेळातल्या प्रेक्षकांना रुचलं नाही म्हणून कापलं, असं सगळीकडे नमूद आहे. नावात रोमिओ आणि किस नाही! १९५९ मध्ये जे भर रस्त्यात झालं ते एकेचाळीस वर्षांनी एडिटिंग टेबलावर अडलं.

माझ्या टीममधला एक जण कॅलिफोर्नियात वाढलाय, आईवडील तैवानचे. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला की त्याला हे शाळेत असल्यापासून माहिती आहे. वर्गातली मुलं त्याला ब्रूस ली म्हणायची, पण शाळेच्या डान्ससाठी त्याला कुणी विचारायचं नाही. मी ज्याला 'पॅटर्न' म्हणून एक्सेलमध्ये भरत होतो ते त्याचं शाळेतलं आयुष्य होतं.

शेवटचा सिनेमा माझा लाडका. 'मायामी कनेक्शन' (१९८७). ऑर्लँडोतले तायक्वांदो शिक्षक वाय. के. किम यांनी स्वतःचे पैसे घालून काढलेला. तायक्वांदो खेळणाऱ्या अनाथ मित्रांचा रॉक बँड विरुद्ध कोकेन विकणारे निन्जा. हो, खरंच. सिनेमा आपटला, विसरला गेला, मग कित्येक वर्षांनी टेक्ससमधल्या एका थिएटरवाल्यांनी त्याची प्रिंट ईबेवर ५० डॉलरला घेतली आणि २०१२ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला. अभिनय इतका कच्चा की लोक हसून लोळतात. पण त्यात जिम नावाचा मुलगा आहे, आई कोरियन, वडील काळे अमेरिकन. तो मित्रांना सांगतो की मी वडिलांना शोधतोय, आणि रडतो. बाकीचे सिनेमे चुंबनापाशी थांबतात. हा त्या प्रेमातून जन्मलेल्या, बापाने मागे सोडलेल्या मुलापर्यंत जातो. अशी मुलं कोरियात खरोखर होती, अमेरिकन सैनिकांची. थिएटरमध्ये त्या सीनला हशा पिकतो. मला काही तिथे हसू येत नाही.

बघायचेच असतील तर 'द क्रिमसन किमोनो'पासून सुरू करा, आणि लगेच पाठोपाठ 'शोडाउन इन लिटल टोकियो' लावा. दोन्ही मिळून तीन तासही होत नाहीत. दुसरा घरच्यांसमोर नको.